लाकडाला ठेवलेली माया

माझ्या नणंदेला घरात सगळे ‘सुई’ म्हणतात. धंदा शिवणाचा आणि बोलणं टोचणारं, म्हणून. मी त्यांना ताई म्हणते. त्यांच्याविषयी लिहायला बसले की माझं डोकं आजही तापतं, आणि ते ताईंवर नाही.

सासरे गेले तेव्हा ताईंनी मशीन धरलं, ते आजतागायत सुटलेलं नाही. त्या मशीनवर दोन भाऊ शिकले. थोरले भाऊजी साहेब झाले. धाकटे म्हणजे आमचे हे. दोघांनी आपापली घरं केली आणि सासूबाई ताईंकडेच राहिल्या. मग शिकलेल्या भावांनी ताईंनाच शिकवायला घेतलं. आईला काय द्यावं, किती वाजता झोपवावं, सगळं फोनवरून.

सासूबाईंना दमा. त्यांच्या मागच्या खोलीची खिडकी कुजून फुगलेली, रंगाच्या थरांनी चिकटून बसलेली. उघडायची नाही, आणि बंद असून वारा अडवायची नाही. भिंतीला बुरशी. पुढची खोली रस्त्यालगत, तिथे दिवसभर गाड्यांचा धूर. डॉक्टर म्हणाले, यांना मोकळी हवा मिळालीच पाहिजे. दोन्ही भावांनी माना डोलावल्या. बघू, सुताराला सांगतो, जरा कामातून मोकळा होऊ दे. या ‘बघू’त अख्खा हिवाळा गेला. मग भाऊजींनी परस्पर ठरवलं की घर राहण्याजोगं नाही, आईला वृद्धाश्रमात ठेवू, रविवारी गाडी घेऊन येतो. खिडकी बघायला या माणसाला वेळ नव्हता, आश्रम बघायला मिळाला.

ताई फोनवर नुसतं ‘बरं’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वखारीतून मापाने लाकूड कापून आणलं, शेजाऱ्यांकडून रंधा आणि पटाशी मागून घेतली, आणि शिवणाच्या टेबलावर दोन झडपा जोडल्या. रविवारी मी मदतीला निघाले. ह्यांना चला म्हटलं, तर म्हणाले, दादाच्या विरोधात कशाला जायचं. त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. बसा म्हटलं दादाच्या बाजूने, उपाशी.

जुनी खिडकी पहारीने उचकटली. लाकूड भिजल्या बिस्किटासारखं हातात आलं. बाहेरची चौकट मात्र खणखणीत होती. नवी झडप उचलून लावायला गेलो, तर ती आत जाईना. दुसरीही जाईना. ताईंनी टेप लावून पाहिला आणि मटकन खाली बसल्या.

कापड बेतताना शिवणीसाठी जी जास्तीची कड सोडतात, तिला माया म्हणतात. जन्मभराची सवय. खिडकीचं माप लिहून देताना ताईंच्या हाताने चारी बाजूंनी बोटभर माया ठेवली होती. लाकडाला.

नेमके तेव्हाच भाऊजी आले. भिंतीत भगदाड, आई शालीत गुंडाळलेली, झडपा जमिनीवर. काय झालं ते कळल्यावर हसले.

“शिंपीणबाई, खिडकीला माया? मग काजं-बटणंही करा.”

आणि मला म्हणाले, आईचे कपडे भर. पिशवी घरूनच आणली होती. देव मला क्षमा करो, पण त्या क्षणी रंधा माझ्या हातात असता तर मी तो कुठे फिरवला असता ते सांगवत नाही.

ताई उठल्या. झडप टेबलाला आवळली आणि रंधा ओढायला लागल्या. भाऊजी बोलतच राहिले. थंडी, आईचा खोकला, लोक काय म्हणतील, तुला जमतंय का हे, हट्ट सोड. ताई खाली मान घालून तासत होत्या. मग मान वर न करताच बोलल्या.

“तुझी शाळेची पँट मीच शिवायचे. वाढतं अंग म्हणून खाली माया ठेवायचे आणि दर वर्षी उसवून लांब करायचे. वाढलास. आता पुरे.”

ती झडप झाल्यावर ताईंनी दुसरीही तासून घेतली.

पहिली झडप चौकटीत बसली, पण बिजागरी ठोकायची तर वरून कोणीतरी धरायला हवं. माझा हात पोचेना. ताईंच्या दातांत स्क्रू. भाऊजी उंच, आणि खांबासारखे उभे. सासूबाईंना बोलायलाही धाप लागत होती, तरी बोलल्या.

“मी कुठे जात नाही. नुसता उभा काय राहिलास? धर ते.”

त्यांनी धरलं. कोटावर भुसा पडत होता. एक बिजागरी झाली, मग दुसरी.

“सोडू?” त्यांनी विचारलं.

“नाही,” ताई म्हणाल्या.

शेवटचा स्क्रू आवळून झाला होता, मी डोळ्यांनी पाहिला होता. तरी ताईंनी सावकाश हात पुसले, पाणी प्यायल्या, मग दुसरी झडप उचलून त्यांच्या हातात दिली.

मी पिशवीची घडी घातली आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवून आले. रिकामीच.