खिंडीतली ऑनलाइन पालकसभा
उन्हाळ्यात भाताच्या रोपांची जागा भाजायला शेतात राब पेटले की त्या धुराच्या वासाने मला आंदर मावळातली माझी पहिली ऑनलाइन पालकसभा आठवते. शिक्षकांनी तंत्रज्ञानातून पालकांशी नाते जोडावे, असे लोणावळ्याच्या एका गारेगार हॉटेलात आम्हाला शिकवले होते. मी सभा ठेवली ती मुख्यतः एका मुलीसाठी. सातवीनंतर तिला घरी बसवायचे वडिलांनी ठरवले होते, आणि ग्रुपवरचे माझे निरोप वाचूनही ते उत्तर देत नव्हते. गावात रेंज फक्त वरच्या खिंडीत. संध्याकाळी मी तिथे चढलो, तर सभेला हजर राहायला सगळे पालकही तिथेच आलेले, त्या मुलीचे वडीलही. आम्ही शेजारी शेजारी उभे राहून एकमेकांना पडद्यावर नमस्कार केला. एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, तुमी हितं, आमी हितं, मग त्या डबड्यात कशाला वरडताय?" मोबाइल खिशात गेले. मग मावशींनी त्या वडिलांनाच गाठले. "भाऊ, लेकीची शाळा का तोडताय?" "हायस्कूल लय लांब. रानातनं एकली कशी धाडू?" "एकली कुटं? माजी हाय की संगं!" त्यांनी खाली राबाच्या धुराकडे पाहिले. मग म्हणाले, "दोगी असतील तर जाऊ द्या." त्या दोघी आता तळेगावच्या कॉलेजात जातात. आमची सभा अजून खिंडीतच भरते. अहवालात तिला आम्ही ऑनलाइन म्हणतो, आणि ते अगदीच खोटे नाही. तिथे रेंज उत्तम असते.