मिनिटं सांगणारे काका

महाधमनीच्या ऑपरेशनात पेशंटला अठरा अंशांपर्यंत गार करतात, डोक्याभोवती बर्फ रचतात. मग रक्ताभिसरण थांबवलं तरी मेंदू काही वेळ तग धरतो. तेवढा वेळ एरवी रक्त फिरवणारं हार्ट-लंग मशीन बंद, आणि ते चालवणाऱ्या काकांना एकच काम: मिनिटं मोठ्यांदा सांगायची. सर्जनबाईंनी "ऐकलं" म्हणायचं. उत्तर आलं नाही, तर काकांनी पुन्हा सांगायचं, असा तिथला शिरस्ता. आज बाई गप्प राहिल्या तसे काका खेकसलेच, "वीस झाली म्हणतोय!"

"ऐकलं हो, काका!"

पेशंट वाचला. घरी येऊन काकांनी बटाटे उकडायला ठेवले. बायको होती तेव्हा तीही त्यांना चिडवत "ऐकलं" म्हणायची.

"दहा झाली," काका स्वयंपाकघरातून ओरडले. उत्तर आलं नाही. शिरस्त्याप्रमाणे त्यांनी पुन्हा सांगितलं.