रीतमावशींचं नाक

"तुमच्याकडे काल कांदा करपला."

रीतमावशी माझ्याशी बोलल्या, ते हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, चमत्कार नाही, नाव-गाव नाही. परदेशात, डँडेनॉन्गच्या त्या घरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते आणि कुंपणापलीकडून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई माझ्याकडे बघत होती. "गॅस मोठा ठेवतेस तू. कांद्याला वेळ लागतो," असं सांगून त्या आत निघूनही गेल्या. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, कोल्हापूरची, मसाल्याच्या वासात वाढलेली. मला कांदा शिकवणार ही गोरी बाई? संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "शेजारीण भयंकर आहे हो." कांदा खरोखरच करपला होता, हे मात्र त्याला सांगितलं नाही.

त्या मूळच्या नेदरलँड्सच्या. लग्नानंतर लगेच नवऱ्याबरोबर बोटीने इकडे आल्या, आणि आता नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा पीटर तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, डार्विनला, गॅसच्या प्रकल्पावर. नाव होतं रीट, पण त्यांच्या तोंडून ते 'रीत' असंच ऐकू यायचं. मला किती हसू आलं म्हणून सांगू! जिला बोलायची रीत ठाऊक नाही, तिचं नाव रीत. 'मावशी' मी जोडलं. माझं शुभदा त्यांना काही झेपलं नाही. मी कायमची 'शूबा' झाले.

पुढे त्यांनी कॉफीला बोलावलं. पत्र्याचा डबा उघडून पुढे केला. आत पवनचक्कीच्या आकाराची तपकिरी बिस्किटं होती. मी आपल्या पद्धतीने म्हटलं, "नको नको, कशाला!" त्यांनी झाकण लावलं. टप्प. मी शहाणी, दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसले. कॉफी संपली, हवापाण्याच्या गप्पा संपल्या, तरी आग्रह आला नाही. घरी येऊन मी त्या बिस्किटांच्या नावाने पोह्यांचा डोंगर खाल्ला आणि बाई कंजूष असल्याचं जाहीर केलं. ओळख मुरल्यावर एकदा विचारलंच, "तुम्ही एकदाच का हो विचारता?"

"तू नको म्हणालीस."

"अहो, पण ते तसं म्हणायचं असतं."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे मी तुला खोटारडी समजायला हवं होतं?"

'हो' म्हणावं तरी पंचाईत.

बोलून टाकणं हा त्यांचा धर्मच होता. "आधी सांगावं. मग कॉफी गरम आहे तोवर विषय संपतो," असं त्या नेहमी म्हणत. माझ्या दिवाळीच्या नव्या साडीला त्या म्हणाल्या, "हा रंग तुला आजारी दाखवतो." मी रात्रभर फुगले. सकाळी आरशात बघितलं तर खरंच काविळीची पेशंट. पण माझी आई तिकडे कोल्हापुरात वारली आणि मला वेळेवर पोचता आलं नाही, तेव्हा दारात येऊन "धीर धर, सगळं ठीक होईल" असलं काही न म्हणणारी बाईही हीच एक होती. "हे ठीक होणार नाही," त्या म्हणाल्या, "तू रड. मी भांडी घासते." आणि घासली.

त्या बिस्किटांचं नाव स्पेक्युलास. दर डिसेंबरला, म्हणजे इकडच्या ऐन उन्हाळ्यात, उन्हाने रस्ता वितळायला लागायच्या आत, सकाळी लवकर आमची भट्टी लागायची. लोणी, काळपट साखर आणि पिठाचा गोळा आदल्या दिवशीच मळून फ्रिजमध्ये ठेवलेला असे. दालचिनी, लवंग, जायफळ, वेलची, सुंठ, पांढरी मिरी. मसाल्यांची ही नावं ऐकून मी पहिल्याच वर्षी बाह्या सरसावल्या होत्या. हे तर माझं राज्य! त्या बाहेर झाडांना पाणी घालत होत्या, तेवढ्यात मी सगळं तव्यावर खमंग भाजून कुटून ठेवलं. त्या आत आल्या आणि दारातच थांबल्या. नाक वर करून हुंगलं.

"शूबा, हा रस्सा आहे. बिस्किट नाही."

मसाला भाजायचा नसतो, कच्चाच दळायचा असतो, ही एवढी गोष्ट शिकायला मला दोन डिसेंबर लागले. लाकडी साच्यात तांदळाची पिठी भुरभुरायची, गोळा दाबून बसवायचा, सुरीने सपाट करायचा आणि साचा ओट्यावर धाडकन आपटायचा, की पवनचक्की बाहेर. वजनकाट्याकडे मावशी बघतही नसत. कच्चा गोळा नाकाशी न्यायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "जायफळ झोपलंय." मग चिमूटभर जायफळ.

एका हिवाळ्यात त्यांना जबरदस्त फ्लू झाला. ताप उतरला, खोकला गेला, नाक काही परत आलं नाही. ना वास, ना धड चव. मला त्यांनी ते कॉफी गरम असतानाच सांगितलं. "पीटरला सांगणार नाही. तो गेली दोन वर्षं मागे लागलाय, घर विक, डार्विनला चल म्हणून. हे कळलं तर मला या स्वयंपाकघरात एक दिवस राहू देणार नाही."

"आणि त्याने विचारलं तर?"

"विचारलं तर सांगेन. पण तो कशाला विचारेल? नाताळला येईल, बिस्किट खाईल, आई ठणठणीत आहे असं म्हणून परत जाईल." मग माझ्याकडे बोट रोखून, "या वर्षी तू माझं नाक."

मी इतकी सुखावले! कांदा करपवणाऱ्या बाईला केवढी ही बढती.

त्या डिसेंबरला मसाला घालता घालता त्यांना फोन आला. परत येऊन त्यांनी पुन्हा लवंगेची पूड घातली असणार. मी साच्यांना पिठी लावत होते, माझं लक्ष नव्हतं. पहिली खेप भाजून निघाली, त्यातलं एक मोडून त्यांनी मला दिलं आणि समोर उभ्या राहिल्या. मी घास घेतला. लवंग अशी काही चढली की जीभ बधिर झाली. दाढ दुखत असती तर तीही दुखायची राहिली असती.

"कसं झालंय?"

आता बघा, रांधणारीच्या तोंडावर कधी नावं ठेवू नयेत, हे माझ्या अंगात आईच्या दुधाबरोबर गेलेलं. त्यात सकाळपासून उभं राहून सुजलेले त्यांचे पाय मला दिसत होते. उरलेला सगळा गोळा फेकायला लागणार, हेही दिसत होतं. त्या बधिर जिभेने मी म्हणाले, "लव्हली!"

"नक्की? शूबा, मला काही कळत नाहीये. तू सांगशील तेच."

"अहो, एकदम मस्त!"

चार पावसाळे पाहिलेली, दोन पोरींची आई असलेली बाई मी. आणि एका आंधळ्या माणसाला हात धरून रस्त्यात सोडून आले, तेही हसतमुखाने. त्यांनी समाधानाने ती सगळी रास डब्यात भरली.

पीटर आला. उंच, उन्हाने लाल झालेला, चांगला मुलगा. मलाही कॉफीला बोलावलं होतं. त्याने मोठा घास घेतला आणि हसलाच. "मम, हे तर डेंटिस्टच्या खुर्चीत बसल्यासारखं लागतंय!"

मावशी हसल्या नाहीत. त्याचंही हसू हळूहळू उतरलं. "तुला लागत नाही ही चव?"

"नाही."

"वास?"

"नाही."

माणूस गॅसवाला. त्याची मान आपोआप शेगडीकडे वळली. "गॅस सुटला तर कळेल तुला?"

मी मनात म्हणत होते, हो म्हणा, मावशी, एकदाच हो म्हणा.

"नाही," त्या म्हणाल्या. आणि पुढे, "शूबाने चाखलं होतं."

पीटर माझ्याकडे वळला. "तुम्ही चाखलंत?"

खरं बोलायची याहून चांगली जागा देवाने कुठली द्यावी! आणि त्या भल्या बाईच्या, म्हणजे माझ्याच, तोंडून काय निघालं? "मला तर... छानच लागलं."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. कच्चा म्हणून घेतलेला मसाला भाजलेला निघावा, तसं काहीतरी समजल्यासारखं.

नाताळ झाला आणि वर्ष संपायच्या आत पीटर त्यांना घेऊन निघाला. घर नंतर विकायचं ठरलं. गाडीत बॅगा चढत होत्या तेव्हा मी ड्राइव्हवेवर उभी राहून एकदाची म्हणाले, "सॉरी मावशी, मी खोटं बोलले."

"नो वरीज," पीटर पटकन म्हणाला.

"वरीज आहेत," मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "मी तुझ्यावर रागावले आहे. जानेवारीच्या शेवटापर्यंत राग जाईल. तेव्हा फोन कर."

गाडी गेली. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "फोन कर म्हणाल्या."

"अगं, म्हणतात तसं," तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "आपण नाही का म्हणत, या एकदा जेवायला?"

मला तेच हवं होतं. कोण फोन करणार आणि काय तोंडाने बोलणार? इतकी वर्षं त्या बाईच्या शेजारी राहून मी तिच्या वाक्याचा आपल्याकडचा अर्थ लावला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. जानेवारी गेला. फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये पीटरचा फोन आला. घराची किल्ली माझ्याकडे होती, ती एजंटला द्यायची होती. बोलणं संपवताना त्याने सहज विचारलं, "तुमची तब्येत बरी नव्हती का? जानेवारीत मम रोज दुपारी फोनपाशी बसायची. कुठे फिरायलाही येईना."

किल्ली हातात धरून मी तशीच पायरीवर बसले.

मग फोन लावला. तिकडे डार्विनचा पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की आधी काही ऐकूच येईना.

"मावशी, मी शूबा."

"मार्च आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी जानेवारी म्हटलं होतं."

"मला वाटलं, तुम्ही आपलं असंच म्हणालात."

"मी असंच कधी काय म्हटलंय?"

खरंच, कधी काय म्हटलं होतं? मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग मी विचारलं, "अजून रागावला आहात?"

"नाही. राग जानेवारीत गेला," त्या म्हणाल्या. "आता वाईट वाटतंय. त्याला जास्त वेळ लागतो."

"किती?"

"मला काय माहीत? तू फोन करत राहा. गेलं की सांगेन."

तेव्हापासून मी दर रविवारी फोन करत राहिले. आम्ही खूप हसलो. माझ्या मोठीला मुलगी झाली ते सगळ्यात आधी त्यांना सांगितलं. नातीचा फोटो बघून त्या म्हणाल्या, "कान मोठे आहेत. केस वाढतील तेव्हा झाकले जातील." डार्विनच्या दमट हवेत बिस्किटं दुपारपर्यंत मऊ पडतात, म्हणून त्या पीटरवर चिडायच्या, जसा काही पाऊस तोच पाडतो. फोन ठेवताना मी दर वेळी जरा थांबायचे. आता सांगतील, आता सांगतील. त्या "बाय, शूबा" म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या.

चौथ्या पावसाळ्यात त्या गेल्या. शेवटच्या रविवारीही आम्ही बोललो होतो, भरपूर. गेलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. लोक माझी समजूत घालतात, अहो, विसरल्या असतील, म्हातारं माणूस. पण रीतमावशी कधी काही विसरत नसत, आणि मला बरं वाटावं म्हणून तर त्या एक शब्दही बोलल्या नसत्या.