सोय

अंबादास ओव्हाळ मास्तरांचा हात फळ्यावर कधी थरथरला नाही. पण १९८८ सालच्या त्या दुष्काळी उन्हाळ्यात एका टिपणावर सही केल्यापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

कळंबच्या बाजूला एका सहकारी संस्थेनं तंत्रनिकेतन काढलं होतं, तिथं ते स्थापत्य शिकवत. नोकरीतलं दुसरंच वर्ष, अजून कायम झालेले नव्हते. त्यांनी पाझर तलावांवर संशोधन मांडलं आणि सरकारकडून कॉम्प्युटरसाठी ऐंशी हजार रुपये मंजूर झाले. एकदाच मिळणारे. सोमवारच्या बैठकीत यंत्र ठरणार होतं. चुकीचं यंत्र आलं, तर संशोधन तिथंच संपणार होतं. आणि वस्तीतून आलेल्या मास्तरला लोक काय म्हणतील, तेही त्यांना पाठ होतं.

दोन यंत्रं बजेटात बसत होती. एक जुन्या जातीचं. पडदा हिरव्या अक्षरांचा, पण आत गणिताची वेगळी चिप बसवलेली. दुसरं नवं, वेगवान, रंगीत पडद्याचं, आणि त्याच्या कोटेशनात त्या चिपेचं ‘प्रोव्हिजन’ लिहिलेलं. वेगही आहे, चिपही आहे, मग विचार कसला? खरेदी समितीसाठी मास्तरांनी मराठी टिपण केलं, रंगीत यंत्राची शिफारस केली, संस्थेचे अध्यक्ष विरुपाक्षअप्पांनी तर गावभर सांगूनही टाकलं.

रविवारी ते गावी गेले. आई मालनबाई छपरात शेंगा फोडत बसली होती.

“तोंड का असं रं? तापबीप हाय का?”

“न्हाय माय. उद्या कॉम्प्युटर ठरायचाय.”

“मग वाच की. तू काय लिवलंस ते तरी कळू दी मला.”

मास्तरांनी कागद काढला. तिला कळणार नाही हे माहीत होतं, पण मोठ्यानं वाचलं की भीती थोडी हलकी होते. ‘सदर यंत्रात गणिती चिपेची सोय आहे’, इथवर ते आले आणि मालनबाईचा हात थांबला.

“सोय हाय म्हंजी? आपल्या वस्तीवर पाण्याची सोय हाय, तशी का?”

ती सहज बोलली. पण मास्तरांनी कागदावरून मान वर केली.

समोर रस्त्यापलीकडे सिमेंटचा ओटा होता. मधोमध भोक, बाजूला पाटी: ‘पिण्याच्या पाण्याची सोय’. हापसा बसायचा होता. तीन वर्षं झाली, बसला नव्हता. बाया ओट्यावर कुरडया वाळवत आणि पाण्याला दीड मैल जात. सोय होती. पाणी नव्हतं.

आणि हा शब्द कोटेशनात नव्हताच. ‘प्रोव्हिजन’ची ‘सोय’ मास्तरांनी स्वतः केली होती, आणि पुढं ‘आहे’ जोडलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात मालनबाईनं ज्या पाझर तलावाच्या बांधावर मातीच्या पाट्या वाहिल्या, त्याचंच गणित करायचं होतं. पाणी बांधाखालून ओढ्याला निघून जाई, विहिरींना मिळतच नसे. नेमकं कुठून निसटतं? बांधाचा छेद बारीक चौकोनांत कापायचा आणि प्रत्येक चौकोनातल्या पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा काढायचा. पुण्याच्या शिबिरात त्यांनी दोन्ही पाहिलं होतं: चिप असली की तासाभराचं काम, नसली की दिवस दिवस यंत्र तसंच बसलेलं.

सोमवारी पहिल्या एसटीनं ते परतले. दहा वाजता पोस्टातून रंगीत यंत्राच्या सोलापूरच्या विक्रेत्याला ट्रंक कॉल लावला. बैठक अकराला. कॉल लागायला चाळीस मिनिटं गेली. घामानं रुमाल भिजला.

“चिप? अहो सर, बोर्डावर जागा दिलीय की! चिप वेगळी घ्यायची. आठ-नऊ हजार पडतील, आणि महिना दोन महिने लागतील.”

ओटा आहे, हापसा नाही.

बैठकीत अप्पांनी नारळ आणूनच ठेवला होता. “बोला मास्तर, रंगीत पडदा कवा येतोय? माझ्या नातवाला शब्द दिलाय म्या.”

गप्प बसता आलं असतं. समितीपुढं मराठी टिपण होतं, इंग्रजी कोटेशन कुणी उघडलंही नसतं. पण मास्तर उभे राहिले.

“अप्पा, हे घेऊ नये. मी शब्द चुकीचा लिहिला. चिप त्यात नाही, नुसती जागा आहे. वेगळी घेतली तर पैसे पुरत नाहीत.”

“आन् हे आज सांगता?”

“आज कळलं.”

“कुणी सांगितलं?”

“माझ्या आईनं.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. अप्पा हसले नाहीत. त्यांनी टिपण पुढं ओढलं आणि ‘सोय’ या शब्दावर बोट ठेवलं. मास्तरांना वाटलं, आता नोकरी गेली.

“त्या दुसऱ्यात चिप हाय? का तिथंबी सोयच?”

“बसवलेली आहे, असं लिहिलंय. पण मी झाकण उघडून बघितल्याशिवाय पावतीवर सही करणार नाही.”

“आन् पडद्यावर काय दिसंल?”

“हिरवं, अप्पा. नुसतं हिरवं.”

“ह्या दुष्काळात तेवढं तरी दिसू दी,” अप्पा म्हणाले आणि नारळ सरकवला. “पर चिप निघाली न्हाय, तर माझ्यापुढं येऊ नका.”

खोकी आली त्या दिवशी ऑफिसातले सगळे भोवती जमले. मास्तरांनी स्क्रू काढले; एक हातातून निसटून टेबलाखाली गेला, तो कुणी शोधला नाही. झाकण उघडलं. काळी, चपटी, दोन बोटांएवढी चिप खोबणीत घट्ट बसलेली होती. त्यांनी बोटानं दाबून पाहिलं. मग पुन्हा एकदा.

तेव्हा कुठं पावतीवर सही झाली. वाकडीच आली.

पुढच्या रविवारी मालनबाईनं विचारलं, “मग? सोय झाली का?”

“न्हाय माय,” मास्तर म्हणाले, “सोय न्हाय. चिपच हाय.”