मेहुण्याचं तीनशे ऐंशी कलम

माझा मेहुणा तालुक्याच्या कोर्टात वकील आहे. जुना दंडकायदा मोडीत काढून नवा आणायचं विधेयक दिल्लीत मांडलं गेलं, तेव्हापासून त्याला जेवण गोड लागेना. सगळ्या कलमांचे आकडे बदलणार होते, आणि हा माणूस झोपेतसुद्धा आकड्यांतच बोलतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात भर दुपारी त्याच्या घरात चोर शिरला होता. दुसरा कोणी असता तर 'चोर, चोर' ओरडला असता. हा ओसरीवर येऊन ओरडला, "तीनशे ऐंशी! तीनशे ऐंशी!" घरातल्या चोरीचं ते कलम. गल्लीला वाटलं, भंगारवाल्याशी घासाघीस चाललीय. चोर तांब्याचा बंब डोक्यावर घेऊन सगळ्यांदेखत आरामात गेला.

ही गोष्ट मी प्रत्येक लग्नात, बारशात सांगत आलोय. कोणी सांगा म्हणायची वाट बघत नाही.

विधेयकाच्या त्याच दिवसांत त्याच्या मुलीला बघायला वालूरची मंडळी यायची होती. मेहुण्याने मला कोपऱ्यात घेतलं.

"दाजी, ती गोष्ट आज काढायची न्हाई. मुलाचे वडील हेडमास्तर हायत. लय कडक."

"बरं."

"नुसतं बरं न्हाई. काढली तर बदनामीचा दावा टाकीन. नव्या कायद्यात त्याला समाजसेवेची शिक्षा यायलीय."

आतून माझी बायको म्हणाली, "टाकच दादा! घरात तर इकडची काडी तिकडं करत न्हाईत."

मंडळी आली, पोहे झाले. मी तोंडात सुपारी धरून गप्प. हेडमास्तरांनी सहज विचारलं, "वकीलसाहेब, हा नवा कायदा काय हाय?"

झालं. मेहुणा सुटला. जुनं कलम, नवं कलम, पोटकलम. मुलाच्या आईने जांभई पदराआड केली. हेडमास्तर उठायच्या बेतात दिसले. मुलगा भाचीच्या मनात भरलेला. दाराशी उभी राहून ती हे सगळं बघत होती.

"मामा," ती एकदम मला म्हणाली, "बंबाची गोष्ट सांगा ना."

मी मेहुण्याकडे बघितलं. त्याने लेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"सांगा. पण मी ओसरीवर न्हवतो, अंगणात होतो."

"मग तूच सांग की!"

त्याने सांगितली. वाईट सांगितली, चोर शिरायच्या आधीच बंब गेला. पण 'तीनशे ऐंशी' ओरडताना हात वर करून असा उभा राहिला, की हेडमास्तरांचा चहा बशीत सांडला.

"मी असतो तर चोराला ओणवं उभं केलं असतं," ते डोळे पुसत म्हणाले.

"आपल्याकडं आला तवा तुमी पलंगाखाली होतात," त्यांची बायको म्हणाली, आणि भाचीला जवळ बोलावून बसवून घेतलं.

लग्नात वालूरकरांनी ती गोष्ट मेहुण्याकडून पुन्हा पुन्हा सांगवून घेतली. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.