पहिलं काऊन
ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजल्याचा वास आला, की मला उंद्रीजवळच्या आमच्या शेतातली एक दुपार आठवते. माझी मुलगी जन्मतःच बहिरी. ऑपरेशन करून कानामागे मशीन बसवलं, तेव्हा थेरपीच्या ताईंनी बजावलं होतं, हातवारे कमी करा, दिवसभर तिच्याशी बोलत राहा. मग मी तिला भाकर, बकरी, विहीर, जे दिसेल ते सांगत सुटायची आणि शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. सासऱ्यांना मात्र नातीशी खुणांनीच बोलायची सवय, ती मोडताना त्यांचा जीव कासावीस व्हायचा. पोर शब्द म्हणू लागली, पण आम्ही म्हटलेलेच. आपणहून कधी काही नाही. त्या दुपारी धगीतून काळपट घाटे बाहेर काढले तसा तिनं हात पुढे केला. खूण करायला उठलेला आपला हात सासऱ्यांनी आवरला आणि ते म्हणाले, "थांब माय, आत्ता खाऊ नोको." तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "काऊन?" 'का' विचारायचा आमच्याकडचा हा शब्द तिला कुणीच शिकवला नव्हता, आमच्या बोलण्यातून तिनं तो स्वतःच उचलला होता. सासऱ्यांचे डोळे भरून आले. "गरम हाये माय, तोंड भाजते," असं त्यांनी तोंडानंही सांगितलं आणि हातानंही, आणि मी त्यांना अडवलं नाही. आता ती आठवीत आहे, दिवसभर काऊन, काऊन करून डोकं उठवते. पण तिला गप बस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.