रियाजाच्या खोलीची खिडकी

भंडाऱ्यातल्या आमच्या जुन्या कॉलेजात परवा संगीताच्या नव्या खोल्या पाहायला गेले. भिंतींना जाड फोम, नव्या गालिच्याचा वास. दार लावलं तसा बाहेरचा आवाज एकदम बंद झाला, आणि मला बाबा आठवले.

तेव्हा रियाजाची खोली सायकल स्टँडला लागून होती. एकदा बाबा आमच्या गावाहून, कोंढ्याहून, माझ्यासाठी तांदूळ घेऊन आले होते. गावच्या दंडारीत, रात्रभर चालणाऱ्या नाच-गाण्याच्या खेळात, ढोलकी वाजवणारा माणूस, पण इथे चपला काढून खिडकीबाहेरच उभे राहिले. मी गाताना तीनदा चुकले तेव्हा त्यांना राहवलं नाही. "पोरी, सम हुकून राहिली तू." मैत्रिणी हसल्या. मी उठून खिडकी लावून घेतली.

थोड्या वेळाने त्या बंद फळीवर बोटांचा हलका ठेका सुरू झाला. त्याच्यावर मी गात गेले आणि समेवर नेमकी आले. मैत्रिणींनी वाहवा केली. बाहेरची बोटं थांबली. मी खिडकी उघडली नाही.

"आता बाहेरचा कसलाच त्रास नाही, मॅडम," खोली दाखवणारा तरुण प्राध्यापक कौतुकाने म्हणाला.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मी भिंतीवर बोटांनी ठेका धरून पाहिला. माझा मलाही ऐकू आला नाही.